चाळणीखालचा चहा

आमच्या घरात 'चाय' होती आणि शाळेत 'चहा' होता. पहिलीत असताना बाईंनी विचारलं, "सकाळी काय पिऊन आलास रे?" मी म्हणालो, "चाय पिली." सगळा वर्ग हसला. बाईंनी माझ्याकडून 'मी चहा प्यायलो' हे वाक्य तीनदा म्हणून घेतलं. तेव्हापासून मी घरात चाय पितो आणि बाहेर चहा. दोन्ही शब्दांचं मूळ एकाच चिनी 'चा'मध्ये आहे, हे पुढे पुस्तकांतून कळलं. 'चाय' आपल्याकडे आली ती फारसीच्या वाटेने.

अब्बांना या व्युत्पत्तीशी काही देणंघेणं नव्हतं, पण सगळे शब्द त्यांना लागत. कारण ते सोलापुरात सायकलवरून सुटा चहा विकायचे. विजापूर वेशीच्या आतल्या बोळात ते 'चायपत्ती' असं ओरडत. शनिवार पेठेत 'चहा पावडर' म्हणत. लिंगायत घरांपुढे 'चापुडी' आणि पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीत 'टीपोडी'. एका फेरीत चार भाषा. चारही मोडक्यातोडक्या, पण गिऱ्हाइकाला कळण्यापुरत्या.

मुळात ते गिरणी कामगार. त्यातही बदली कामगार. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी कायमचा कामगार गैरहजर असेल तर आत घेत, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. १९७५च्या सुमारास बदलीचं कामही मिळेनासं झालं. आम्ही चार भावंडं, अम्मी आणि दादी. हॉटेल चालवणाऱ्या एका दोस्ताने अब्बांना सांगितलं, "मियाँ, कपडा लोगां सालमें एक बार लेते, चाय रोज पीते." तेवढ्यावर अब्बांनी सायकल घेतली, तीही जुनी.

मधल्या मारुतीजवळ एका ठोक दुकानातून माल यायचा. त्या काळी चहा प्लायवूडच्या खोक्यातून येई. खोक्याच्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आत चंदेरी कागद, बाहेर काळ्या शाईने छापलेली इंग्रजी अक्षरं. मळ्याचं नाव, वजन आणि खाली एक-दोन अक्षरांची खूण. अब्बांना इंग्रजी वाचता येत नसे. पाचवीत माझी एबीसीडी झाली आणि मी त्यांचा वाचनिक झालो. "क्या लिख्या है देख." मी वाचायचो, 'डी', 'पीडी', 'एसआरडी'. ते मान हलवायचे. अक्षरं मी वाचायचो, अर्थ त्यांना ठाऊक असायचा. चिमूटभर चहा तळहातावर घेऊन ते त्यावर तोंडाची वाफ सोडत आणि मग हुंगत. एवढ्यावर त्यांना कळे की माल ताजा आहे की पावसाळ्यात कुठे गोदामात ओल धरून बसला आहे.

गुरुवारी रात्री मिश्रण व्हायचं. जमिनीवर जुनी धुतलेली चादर अंथरून तीन हिस्से आसामचा आणि एक हिस्सा निलगिरीचा चहा हाताने एकत्र करायचा. आसामचा रंगाला आणि कडकपणाला, निलगिरीचा वासाला. त्या रात्री पंखा लावायला बंदी आणि शिंकायलाही बंदी. मग अम्मी आणि आम्ही भावंडं पुड्या बांधायला बसायचो. पन्नास ग्रॅमची एक पुडी. पुड्यांना रद्दी लागे. आमच्याकडे शेजारून उर्दू अखबार यायचा, पण दादी त्याला हात लावू देत नसे. "उसमें अल्लाह का नाम रहता. किसके पाँव में आएगा." म्हणून पुड्यांसाठी खास मराठी रद्दी विकत आणली जाई. मी पुड्या बांधता बांधता ती वाचत बसायचो. अग्रलेख, खटल्यांच्या बातम्या, रविवारच्या पुरवणीतल्या कथा. पुष्कळदा गोष्टीचा शेवट कुठल्यातरी पुडीत आधीच बांधला गेलेला असे. लोक मला विचारतात, तुम्हा मंडळींचं मराठी इतकं चांगलं कसं? या प्रश्नाचा राग येण्याचं वय आता गेलं. मी सांगतो, चहाच्या पुड्यांमुळे.

हे सगळं मी आज अभिमानाने लिहितो आहे. तेव्हा अभिमान नव्हता, हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

१९८२ साली मी बी.ए.ला होतो. मराठीचे एक प्राध्यापक माझ्या निबंधांवर खूश असत. एका रविवारी त्यांनी घरी बोलावलं. बाईंनी किटलीतून चहा आणला. फिकट सोनेरी, दूध वेगळं, साखर वेगळी. असा चहा मी पहिल्यांदाच पाहत होतो. सर म्हणाले, "हा लीफ आहे. आमच्याकडे डस्ट वापरत नाहीत. डस्ट म्हणजे कारखान्यातली झाडलोट हो. गरिबांच्या माथी मारतात बिचाऱ्यांच्या." सर मनाने चांगले होते. गरिबांविषयी त्यांना खरंच कळवळा होता. तो कळवळाच माझ्या अंगावर आला. पुढचा प्रश्न साधा होता, "वडील काय करतात?"

मी म्हणालो, "चहाच्या कंपनीत आहेत."

तो चहा मी कसा संपवला ते आठवत नाही. घरी आलो तर अब्बा अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला. "तुम कचरा बेचते. झाड के निकाली हुई धूल बेचते लोगों कू."

अब्बा उठले, हात धुतले. आतून दोन चाळण्या आणल्या, एक मोठ्या भोकांची, एक बारीक. मूठभर चहा घेऊन चाळून दाखवला. वर राहिला तो जाडा दाणा, खाली पडला तो बारीक. "पत्ता एकीच है. ये मोटा, ये बारीक. छलनी कू क्या मालूम कौन अच्छा, कौन बुरा? वो तो खाली नाप देखती." मग म्हणाले, "जिसके पास टैम है वो पत्ती पीता. हमारे गिऱ्हाइकां कू साचे पो जाना है. स्टोमें घासलेट नापके रहता. ये एक उबाल में रंग देती." शेवटी एवढंच, "डस्ट अलग, वेस्ट अलग. तेरे सर कू बोल."

सरांना मी काही बोललो नाही. अब्बांचं म्हणणं मला पटलं नव्हतं असंही नाही. पटवून घ्यायचं नव्हतं. 'डस्ट' या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ मला ठाऊक होता, व्यापारातला अब्बांना. आणि मी कोशाच्या बाजूने उभा राहिलो.

यानंतर दोन वर्षांनी जे घडलं त्याने मला वाटलं की सरच खरे होते.

१९८३-८४मध्ये चहाचे भाव फार चढले. देशात चहा पुरेना म्हणून सरकारने डिसेंबर १९८३मध्ये सीटीसी चहाची निर्यातच बंद केली होती. सोलापूरच्या बोळातली पन्नास ग्रॅमची पुडी दिल्लीच्या अशा निर्णयांना बांधलेली असते. अब्बांचे गिऱ्हाईक विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, हमाल. त्यांचा हप्ता वाढला नव्हता. भाव वाढवला की पुड्या कमी खपत. अशात एका व्यापाऱ्याने स्वस्तात माल देऊ केला. खोकं नाही, छाप नाही, गोणीतला बावीस किलो. वाचायला अक्षरंच नव्हती, त्यामुळे माझी गरज लागली नाही. त्या वर्षी रमजान ऐन जूनमध्ये आला होता. सहेरीला चहाचा खप वाढतो. अब्बांनी हिशेब केला आणि माल घेतला.

रंग असा की बघत राहावं. अर्धा चमचा टाकला की पाणी लालभडक. लोक खूश झाले. पहिल्यांदाच अब्बांच्या चहाची लोकांनी तोंडावर तारीफ केली.

पकडलं ते एका विडीकामगार बाईने. तेंदूची पानं वळण्याआधी भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात. तिच्या हातून चिमूटभर पावडर त्या फडक्यावर सांडली आणि थंड पाण्यातच फडकं लाल झालं. पुढच्या फेरीला तिने ते फडकंच अब्बांपुढे धरलं. "चाचा, चहाला उकळावं लागतं की नाही? हा तर उकळायच्या आधीच सुटतोय. रंग आहे, चव कुठाय?" आणि मग म्हणाली, "कारखान्यात आमच्या विड्यांतली छाट काढतात. मजुरी कापतात. तुमच्या मालातली छाट कोण काढणार?"

ज्यांना सोलापूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजार विड्या वळून नेल्या की कारखान्यात तपासनीस त्यातल्या काही नापास करून बाजूला टाकतो. ती छाट. तिचे पैसे मिळत नाहीत. छाटेचा अर्थ त्या बाईइतका कोणालाच कळत नसेल.

अब्बा घरी आले ते बोलले नाहीत. माझ्या दप्तरातला टीपकागद मागितला. ओला करून त्यावर थोडी पावडर पसरली. पिवळट-लाल ओघळ लगेच पसरले. दुसऱ्या कागदावर घरातला जुना चहा टाकला. त्याभोवती बराच वेळाने फिकट तपकिरी डाग आला, एवढंच. ही परीक्षा आजही अन्नभेसळ ओळखण्यासाठी सांगितली जाते. चहाचा स्वतःचा रंग थंड पाण्यात असा धावत नाही. धावतो तो वरून चढवलेला रंग. हॉटेलातला वापरून फेकलेला चोथा वाळवायचा, त्यावर रंग चढवायचा आणि बारीक करून विकायचा, हा धंदा जुना आहे. आम्हाला मिळालेला माल तसलाच असावा.

घरात आठ किलो शिल्लक होता. चौदा किलो विकला गेला होता. अब्बा व्यापाऱ्याकडे गेले. त्याने विचारलं, "पावती आहे का?" नव्हती. मग दोन दिवस ते रोजा ठेवून जूनच्या उन्हात दारोदार फिरले. "वो पत्ती वापस देव, पैसे लेव." आठ किलोंचे पैसे परत केले. अंगणात खड्डा करून सगळा माल पुरला आणि वर पाणी ओतलं. पहिल्या पावसापर्यंत तिथली माती लालसर दिसत होती. त्या ईदला आमचे कपडे शिवले गेले नाहीत. अम्मीने जुन्यांनाच नीळ देऊन इस्त्री केली.

हिशेबाची वही माझ्याकडे होती. चौदातले आठ परत आले. सहा किलोंचं काय? मी विचारलं. अब्बा म्हणाले, "पी गए लोगां." मी तसं लिहून टाकलं.

त्यानंतर मी शिक्षक झालो. अब्बांची सायकल सुटली, चहाची खोकी जाऊन कागदी पोती आली, सुट्या पुड्यांच्या जागी छापील पाकिटं आली. २००१च्या हिवाळ्यात अब्बा आजारी पडले. रात्री मी त्यांच्याजवळ बसायचो. एकदा त्यांनी फिकी चाय मागितली. दोन घोट घेतले आणि म्हणाले, "वो छे किलो का हिसाब तूने गलत लिख्या."

सतरा वर्षं झाली होती. मला क्षणभर कळेना कोणते सहा किलो.

"तीन किलो पी गए थे. तीन किलो की एक गल्ली थी. वहाँ मैं गयाच नै."

का गेला नाहीत, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. त्या गल्लीत सर्वात जास्त तारीफ झाली होती. एका म्हाताऱ्याने त्यांना खाटेवर बसवून तोच चहा पाजला होता आणि सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "आज तुम्ही खरा चहा आणलात." त्याला जाऊन सांगायचं की तो रंग होता? खिशातले पैसेही तोवर संपले होते. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत आठवडा गेला. आठवड्याने चांगला माल घेऊन गेले, तर त्या लोकांनी तक्रार केली की याला रंगच नाही. मागचाच आणा. हळूहळू ती गल्ली सुटली. "उनके घर में बच्चे थे," अब्बा म्हणाले, आणि पेला माझ्या हातात दिला.

जानेवारीत ते गेले.

मी कुन्नूरला गेलो तो २०१२ साली. भावाच्या मुलाला कोईमतूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, त्याला पोचवायला गेलो होतो. परतीची गाडी दोन दिवसांनी होती. निलगिरी इतक्या जवळ आहे म्हटल्यावर राहवेना. घाट चढत गेलो आणि वयाच्या पन्नाशीत चहाचं झाड पहिल्यांदा पाहिलं. झाड कसलं, कमरेएवढं झुडूप. वाढू दिलं तर त्याचा चांगला वृक्ष होतो. पण बायांच्या हाताला कोवळे शेंडे लागावेत म्हणून छाटून छाटून त्याला बुटकं ठेवतात. शेंड्याची एक मिटलेली कळी आणि तिच्याखालची दोन पानं, एवढंच खुडायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झुडपापाशी यायचं. मी एक पान चुरगाळून हुंगलं. चहाचा वास मुळीच नव्हता. नुसत्या हिरव्या पाल्याचा वास.

खाली एक कारखाना होता, पाहुण्यांना आत फिरवून दाखवत. आत शिरताच मात्र वास आला आणि मी दारातच थांबलो. आमच्या घराचा गुरुवारचा वास.

तिथल्या तरुण पर्यवेक्षकाने सगळं समजावून सांगितलं. त्याच्या आजोबांना १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेच्या मळ्यांतून इकडे परत यावं लागलं होतं. अशा कुटुंबांना काम मिळावं म्हणूनच तमिळनाडू सरकारने १९६८मध्ये स्वतःचे चहाचे मळे सुरू केले. मला आमचा पूर्व भाग आठवला. तिथले विणकरही तेलंगणातून पोटासाठी आलेले. आसामात इंग्रजांनी छोटा नागपूरचे आदिवासी नेले आणि मळ्यांत राबवले. चहा काय, कापड काय, आपलं गाव सोडून आलेल्या माणसांच्या हातूनच तयार होतं.

खुडलेला पाला आधी लांबच लांब हौदांत पसरतात आणि खालून हवा सोडतात. बारा ते अठरा तासांत तो मऊ पडतो. मग तो दातेरी रुळांमध्ये जातो. दोन रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात, एक हळू, एक जोरात. पान चिरडलं जातं, फाटतं आणि त्याची गोळी होते. इंग्रजीतल्या या तीन क्रियांच्या आद्याक्षरांवरून सीटीसी. १९३०च्या सुमारास आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर नावाच्या व्यवस्थापकाने हे यंत्र बनवलं. कमी चहात जास्त कप आणि जास्त रंग, हा त्याचा फायदा. आज भारतात वर्षाला साधारण १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला बहुतांश याच यंत्रातून निघतो.

रुळांतून बाहेर पडलेला लगदा हिरवागार होता. तो पसरून ठेवतात. हवा लागते, आणि चिरलेलं सफरचंद जसं काळवंडतं तसा तो तासाभरात तांब्यासारखा होतो. सगळी करामत या तासाभराची. हवा लागण्याआधीच पान वाफेने किंवा तव्यावर तापवलं तर तो ग्रीन टी. अर्धवट हवा लागू दिली तर ऊलाँग. पुरती लागू दिली तर आपला काळा चहा. झाड तेच. चिनी बारीक पानाची जात आणि आसामची मोठ्या पानाची जात हे दोन मोठे भेद आहेत, पण कुळ एक. बाकी फरक डोंगराचे, हवेचे आणि माणसाने किती वेळ थांबायचं ठरवलं त्याचे.

शेवटी भट्टीतली गरम हवा देऊन पाण्याचा अंश तीन टक्क्यांपर्यंत आणतात. चार-साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. आणि मग चाळण्या. एकाखाली एक, सतत थरथरणाऱ्या. वरच्या चाळणीवर राहतो तो बीओपी, म्हणजे ब्रोकन ऑरेंज पीको. त्यात संत्र्याचा काही संबंध नाही. त्याखाली बीपी, त्याखाली पीएफ, आणि सर्वात खाली पीडी, डी, एसआरडी. माझ्या लहानपणीची अक्षरं एकामागून एक समोर पडत होती.

मी पर्यवेक्षकाला विचारलं, "डस्ट म्हणजे शेवटी राहिलेला कचरा ना?" तो हसला. "सर, डस्ट ही प्रत आहे. दाण्याचा आकार. चांगल्या मळ्याची डस्ट हलक्या मळ्याच्या पत्तीपेक्षा महाग जाते. कचरा तो." त्याने बोट केलं तिकडे कोपऱ्यात वेगळी पोती होती. देठ, तंतू, जमिनीवरचं झाडून काढलेलं. ते चहा म्हणून विकायला कायद्याने मनाई आहे. १९५९पासून त्यासाठी वेगळा नियंत्रण आदेश आहे. ते कॅफीन काढायला वगैरे जातं.

डस्ट अलग, वेस्ट अलग. अब्बांनी अंगणात उभं राहून सांगितलेलं वाक्य. ते कधी कुठल्या कारखान्यात गेले नव्हते. आदेशाचं नाव त्यांनी ऐकलं नसणार. तीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मी ते मान्य केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्या चाळण्यांपाशी उभं राहून वाटलं. पर्यवेक्षकाने कपात चहा दिला. मी तो बशीत ओतून प्यायलो.

सरही पूर्ण चुकीचे नव्हते. गरिबाच्या माथी झाडलोट मारली जाते, हे खरं. आमच्याच हातून मारली गेली. पण तिचं नाव डस्ट नव्हतं. तिला छाप नव्हता, पावती नव्हती. तिला नुसता रंग होता. आणि रंगालाच आपण भुलतो. कडक चहा म्हणजे काळाकुट्ट चहा, हे आपणच ठरवून बसलो आहोत. चहा बारीक आहे म्हणून तो खोटा होत नाही, गडद आहे म्हणून खरा होत नाही. मला खऱ्या मालाची लाज वाटली आणि मी खोटं बोललो. अब्बांना खोट्या मालाची लाज वाटली आणि ते गप्प राहिले. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. त्यांनी दोन दिवस उन्हात फिरून नऊ गल्ल्यांत आपलं खोटं निस्तरलं, एक राहिली. मी तर एकाही दारी गेलो नाही. सर वारले तेव्हा मी त्यांच्या अंत्ययात्रेला होतो. त्यांच्या मुलाने माझी ओळख करून दिली, "यांचे वडील चहाच्या कंपनीत होते." मी मान हलवली.

आता आमच्या घरी सून ग्रीन टीच्या पिशव्या आणते. डॉक्टरांनी साखर आणि दूध बंद केल्यावर मीही तो पितो. सकाळच्या पहिल्या कपाला मात्र मला डस्टच लागते. बोअरच्या जड पाण्यात चहावर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि पत्तीचा नाजूक वास मरतो. बारीक चहा तिथेही टिकतो. नवीन पाकीट फोडलं की मी टीपकागद ओला करतो. सून हसते, "अब्बा, ये तो कंपनी का है." मी म्हणतो, असू दे.

ती गल्ली आजही आहे. तिथले बरेच जण कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहायला गेले. जुन्या घरांच्या जागी दोन मजले उठले, माग कमी झाले. त्या म्हाताऱ्याचा नातू कोपऱ्यावर चहाची गाडी लावतो. मी कधीमधी तिथे थांबतो. चहा चांगला करतो पोरगा. एकदा त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुमचे वडील सायकलवर चहा विकायला यायचे ना? आजोबा सांगायचे. म्हणायचे, एकदा त्यांनी असला चहा आणला होता, तसा पुन्हा कधी प्यायला मिळाला नाही."

माझ्या हातात पेला होता. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, दूध उतू जात होतं, तो तिकडे वळला. मी पैसे ठेवले आणि निघालो. पुढच्या वेळी गर्दी नसताना जायचं, असं ठरवलं आहे. त्या वहीतला सहा किलोंचा आकडा मी दुरुस्त केला आहे. तीन पी गए. तीन बाकी.